उशिरा दाबलेलं बोट

आमच्या घरात कुणावर एका दमात विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. दूधवाल्याचं दूध अव्वा, म्हणजे आमची आई, आधी बोटावर घेऊन बघायची, मग पातेल्यात ओतून घ्यायची. बांगड्या भरणारी कासारीण वर्षानुवर्षं येत होती, तरी ती बसली की तिच्या टोपलीकडे एकीनं लक्ष ठेवायचं, हे ठरलेलं होतं. पाहुणे कमी दिवस राहिले तर का राहिले आणि जास्त राहिले तर का राहिले, यावर त्यांची एसटी गावाबाहेर पडायच्या आत चर्चा सुरू व्हायची. यात कुणाचं वाईट चिंतणं नव्हतं. कळंबच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान होतं आणि दुकानाची शिस्त जिना चढून घरात आली होती, एवढंच. आमचे वडील, अप्पा, पोत्याचं तोंड उघडून वरचा दाणा कधी बघत नसत. वर सगळेच चांगला माल घालतात. ते टोकदार पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसत, मधला दाणा तळहातावर घेत, फुंकर मारत आणि एक दाणा दाताखाली धरून शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत. मला आजही खात्री आहे की ते ज्वारी कमी आणि माणूस जास्त पारखत असत.

दुकान खाली आणि आम्ही वर राहत होतो. सकाळी जाग यायची ती हमालांनी पोती आपटल्याच्या आवाजानं. मग मापं सुरू व्हायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि पुढचे आकडे सुरात लांबवत न्यायचे. त्या सुरात मी पाढे पाठ केले, त्यामुळे शाळेत मी सुद्धा 'लाभ' म्हणून सुरुवात करायची आणि गुरुजी हसायचे. माळवदावर पारवे दाण्यांसाठी घिरट्या घालत. सगळ्या घराला धान्याच्या धुळीचा वास होता आणि त्यात अव्वाच्या चुलीवरच्या भाकरीचा, शेंगदाण्याच्या चटणीचा, थंडीत हुलग्याच्या माडग्याचा वास मिसळायचा. अव्वा उमरग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची. तिची मराठी चांगली होती, पण मनात काही खटकलं की ती कानडीवर यायची. त्यामुळे घरात कानडी ऐकू आली की आम्ही पोरं सावध व्हायचो.

भाव त्या काळी रुमालाखाली ठरायचा. अप्पा आणि घेणारा व्यापारी समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं जाई आणि आत बोटं बोलत. वर दोघं पावसाचं बोलायचे, पोरीच्या लग्नाचं बोलायचे, आणि खाली सौदा चालू असायचा. कुणाला कळायचं नाही. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून ते उपरणं कसं हलतंय ते बघायची. आता विचार करते तेव्हा नवल वाटतं, की ज्या माणसाचा सगळा धंदा झाकून चालायचा त्याला दुसऱ्याचं झाकलेलं एवढं टोचावं.

मी आठवीत गेले त्या वर्षी शाळेत गवळी सर आले. ते परंड्याकडचे होते, खेळाचे शिक्षक. त्यांच्या आधीचे सर गावात फार नावाजलेले होते आणि त्याचं कारण त्यांच्या हातातली चिंचेची फोक होती. खो-खोच्या मैदानावर ते ओरडले की आमच्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. पायावर वळ घेऊन घरी गेलं की घरचे म्हणायचे, सर मनावर घेऊन शिकवतायत. गवळी सरांकडे फोक नव्हती. शिट्टी होती, पण ती खिशातच असायची. ते शेंगा फोडत मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि जमिनीकडे बघायचे. आम्हाला आधी वाटलं, या माणसाला खो-खो येत नाही. मग काही दिवसांनी कळलं की ते आमच्या पायांकडे बघत होते. पळून झाल्यावर मातीत जे पाय उमटायचे त्यांच्याजवळ ते उकिडवे बसायचे, बोटानं टाच मोजायचे आणि काही न बोलता उठायचे.

बोलायचे ते नंतर. खेळ संपला, पोरी पाणी प्यायला लागल्या की सर एकीला हाक मारायचे आणि लांबच्या खांबापाशी घेऊन जायचे. तिथं तिच्याशी हळू आवाजात दोन-चार वाक्यं बोलायचे. दुसऱ्या दिवशी दुसरी. उघड्या मैदानावर, दिवसाढवळ्या, चार हात अंतर ठेवून, पण आवाज मात्र इतका हळू की खांबाला सुद्धा ऐकू जाऊ नये. परत आलेल्या पोरीला विचारलं तर ती म्हणायची, काही नाही. आणि तिचं तोंड असं झालेलं असायचं, जणू तिला एकटीलाच काहीतरी मिळालंय.

मी पळण्यात बरी होते, पाठलागात त्याहून बरी. सरांनी मला कप्तान केलं आणि त्याच संध्याकाळी खांबापाशी नेलं. ते जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. रुक्मी हूल द्यायच्या आधी खालचा ओठ चावते. शबाना डावीकडे वळायचं असलं की एक पाऊल जास्त टाकते. अमकी दमली की खांब सोडत नाही, तमकी तिसऱ्या 'खो'नंतर सरळच पळते. अशी एकेकीची खोड त्यांनी मला सांगितली. शेवटी माझी सांगितली. "तू पळताना सारखी मागं बघतीस. कोन येतंय याची खात्री करायला. तितंच तुजं अर्धं पाऊल जातंय." मग शेंगांची टरफलं झाडत म्हणाले, "तू कप्तान हायेस म्हनून तुला एकटीलाच सांगितलं. समोरच्या शाळंला यातली एक गोष्ट कळली तरी आपन गेलो. कुनाला बोलायचं न्हाई. घरी तर अजाबात न्हाई, तुमचं दुकान अडतीत हाय, सगळा जिल्हा तितं बसून जातोय."

ते खरंच होतं. आमच्या दुकानात सकाळी पडलेला शब्द दुपारच्या एसटीनं येरमाळ्याला आणि संध्याकाळपर्यंत उस्मानाबादला पोचायचा. धाराशिवला तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. जिल्ह्याचे सामने तिथंच व्हायचे, आणि ज्या शाळेशी आमची गाठ पडणार होती तिथल्या सरांचे मामा दर आठवड्याला हरभरा घेऊन आमच्याच गादीवर चहा प्यायचे. मी सरांना म्हणाले, नाही सांगणार. असं म्हणताना मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. घरात माझ्याकडे कुणी कधी काही विश्वासानं ठेवायला दिलं नव्हतं, कपाटाची किल्ली सुद्धा नाही.

पण माझंही रक्त त्याच घरातलं. दोन दिवसांत मला शंका आली, की सरांनी मला सगळ्यांचं सांगितलं, मग माझं कुणाला सांगितलं असेल? त्यानंतर एकदा त्यांनी रुक्मीला खांबापाशी नेलं आणि ती परत येताना माझ्या मानेकडे बघत आली. मी पाणी पिताना तिच्यावर लक्ष ठेवलं. शबाना माझ्या मागून यायला लागली की मी मुद्दाम थांबायची आणि तिला पुढं जाऊ द्यायची. सराव चांगला होत होता, आमचा संघ दिवसेंदिवस तयार होत होता, आणि आम्ही नऊ जणी एकमेकींकडे असं बघत होतो, जणू प्रत्येकीच्या दप्तरात दुसरीची वस्तू आहे.

घरात गोष्ट आली ती अप्पांच्याच डोळ्यांनी. ते वसुलीहून सायकलवर येत होते आणि मैदानाच्या कुंपणापाशी थांबले. लांबच्या खांबाजवळ सर आणि मी. मी मान हलवतेय, सर इकडेतिकडे बघून बोलतायत. अप्पांनी हाक मारली नाही. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, भस्म लावलं, लिंगपूजा केली आणि जेवताना अव्वाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे नवीन सर पोरींशी हळू का बोलतात. अव्वाच्या हातातली भाकर तशीच राहिली.

त्या दिवसापासून आमच्याकडे चांगला खेळाचा मास्तर कोणता, यावर रोज वाद व्हायला लागला. खाली गादीवर पुरुषांचा आणि वर चुलीपाशी अव्वाचा, दोन्हीकडे मला ऐकू यायचं. अप्पांचे धाकटे भाऊ बसू काका तरुणपणी कबड्डी खेळायचे. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, मारल्याशिवाय पोरं घडत नाहीत आणि जो मारत नाही त्याचं लक्ष खेळावर नसून दुसरीकडे असतं. बियाणं घ्यायला आलेले एक शेतकरी म्हणाले, जो जिंकून देतो तो चांगला, बाकी कसं शिकवतो ते त्याचं तो जाणे. त्यावर काका म्हणाले, तुमची पोर आहे का मैदानात? त्यांनी आपलं बियाणं उचललं. अप्पांचं मत वेगळं होतं. "ज्याला वरडून सांगता येतं त्यानं हळू कशाला सांगावं? हळू बोलायला भाव तरी असावा लागतो, न्हाईतर लबाडी तरी." गादीवरच्या सगळ्यांना ते पटलं. सगळे रुमालाखालचेच लोक होते.

अव्वाचा निकष अगदी सोपा होता. दिवेलागणीच्या आत जो पोरी घरी पोचवतो आणि बिनकामाचं बोलत नाही तो चांगला. सामन्याच्या वेळी हाफ पँट घालावी लागते, हे तिनं आधीच मोठ्या कष्टानं गिळलं होतं. आता ती मला न्हाऊ घालताना, वेणी घालताना, ताट वाढताना मध्येच थांबायची आणि विचारायची, "एनंद?" म्हणजे काय म्हणाला. गंमत अशी, की मराठीत ती त्यांना सर म्हणायची, अहो-जाहो करायची, पण कानडीत सरळ एकेरीवर यायची. मी म्हणायची, खेळाचं बोलतात. ती म्हणायची, मग खेळाचं काय? तिथं माझी जीभ अडायची. खोटं सांगायचं तर ते मला नीट जमत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी शब्द दिला होता. मी म्हणायची, असंच. 'असंच' हा शब्द आमच्या घरात कुणी कधी खपवून घेतला नव्हता.

आज माझ्या वयाच्या बायका म्हणतील, केवढीशी गोष्ट, आईच्या कानात सांगून टाकायची होती. मी पण माझ्या मुलीला हेच सांगितलं असतं. पण अव्वाला सांगितलेलं अप्पांना कळायचं, अप्पांना कळलेलं बसू काकांना, आणि काकांच्या पोटात तर पाणी सुद्धा राहायचं नाही. मला त्या वेळी सामना डोळ्यांपुढे दिसत होता. रुक्मी ओठ चावतेय आणि समोरची पोरगी आधीच वळलीय. हे माझ्यामुळे झालं तर मी तोंड कुठं दाखवणार होते?

सामन्याला आठवडा राहिला होता तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ होती, बाजार उठला होता, हमाल मागच्या बाजूला भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले होते. अप्पांनी मला खाली बोलावलं. ते गादीवर एकटेच होते. मला समोर बसवलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मी समजले की त्यांना काय विचारायचंय, आणि हेही समजले की ते त्यांना तोंडानं विचारता येत नाहीय. बापानं लेकीला असलं विचारायची आमच्यात रीतच नव्हती. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा उजवा हात हातात घेतला आणि दोन्ही हातांवर ते उपरणं टाकलं. मी लहान असताना जत्रेत त्यांनी माझा हात धरला असेल तेवढाच. त्यांचा तळहात खरखरीत होता, धान्याच्या धुळीनं कोरडा पडलेला.

ते रस्त्याकडे बघत बोलले. "तोंडानं काय बोलू नको. सर बोलत्यात ते खेळाचं असंल तर माजं एक बोट दाब. दुसरं काय असंल तर दोन. बाकी मी काय इचारत न्हाई, कदी इचारनार बी न्हाई."

मला रडायलाच आलं. भीतीनं नाही. अप्पांनी माझ्यासाठी त्यांच्या जवळची सगळ्यात अब्रूची रीत काढली होती, मोठ्या व्यापाऱ्याला देतात तसा मान मला दिला होता, हे मला त्याही वयात कळलं. आणि नेमकं तिथंच मी अडकले. सर म्हणाले होते, घरी अजिबात नाही. बोट दाबणं म्हणजे सांगणं होतं का? खेळाचं आहे एवढं सांगितलं तर पुढं खेळाचं काय, हे अव्वाकडून येणारच. मी विचार करत राहिले. उपरण्याखाली त्यांची बोटं शांत पसरलेली होती. मग मला वाटलं, एवढं तरी सांगायला हरकत नसावी, आणि मी एक बोट दाबलं, घट्ट दाबलं.

अप्पांनी हात लगेच सोडला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला, मग उपरणं झटकून खांद्यावर घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "बोट आलं," ते म्हणाले, "पन उशिरा आलं."

ज्यांनी तो बाजार बघितला नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. बोटांच्या सौद्यात उशिरा आलेल्या बोटाला काही किंमत नसते. ज्याच्या मनात एक असतं त्याचं बोट लगेच येतं. जो थांबतो तो मनात दुसरा आकडा धरून असतो आणि हा देतो. अप्पांनी आयुष्यभर याच खुणेवर माणसं ओळखली होती आणि ते फारसे कधी चुकले नव्हते. त्या दिवशी ते पुरते चुकले. माझ्या मनात दुसरं बोट नव्हतंच, मी फक्त दिलेला शब्द तपासून बघत होते. पण हे सांगायचं तर मला सगळंच सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी अव्वानं माझी हाफ पँट धुऊन, घडी करून वरच्या फळीवर ठेवली. नंदा उस्मानाबादला जाणार नाही, असं तिनं भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. शाळेत जायचं आणि घंटा झाली की घरी यायचं. मी एकदा विचारलं, मी काय केलं? ती म्हणाली, "तू काय केलं न्हाईस गं. म्हनूनच आत्ताच थांबायचं."

मी वाट बघितली ती सरांची. माझी खात्री होती की ते येतील. कप्तान दोन दिवस मैदानावर आली नाही तर सर घरी जाऊन बघणार नाहीत का? गादीवर बसतील, शेंगा फोडतील, अप्पांना सरळ सांगतील की मी पोरींना त्यांच्या खोडी सांगत असतो. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. जिन्यावर चप्पल वाजली की मी भाकरी थापता थापता थांबायची. बसू काका असायचे, नाहीतर हमाल. शाळेच्या व्हरांड्यात सर दोनदा समोरून आले. पहिल्यांदा म्हणाले, बरं नाही का? मी म्हणाले, घरी काम आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेले. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. रुक्मीला कप्तान केल्याचं मला शबानाकडून कळलं.

तेव्हा अप्पांचा रोग मला लागला. मी जिन्यात बसून विचार करायची, की हा माणूस आमच्या घरी यायला का भितो? मला एकटीला कशाला सांगितलं सगळं? मी फुटले तर माझ्यावर ढकलता यावं म्हणून? का घरच्यांना खरंच काहीतरी दिसलंय जे मला दिसत नाही? त्यांचं ते चार हात लांब उभं राहणं, इकडेतिकडे बघणं, सगळं मी मनात उलटंपालटं करून बघायला लागले. ज्या माणसाची गोष्ट मी जिवापाड सांभाळत होते त्याच्यावरच मी शंका घेत होते, आणि तरीही गोष्ट सांगत नव्हते. हे कसं जमत होतं ते मला आजही उलगडत नाही.

संघ गेला त्या दिवशी मी माळवदावर अव्वाबरोबर शेंगदाणे वाळत घालत होते. स्टँडवरून पोरींचा ओरडा ऐकू आला, मग गाडी निघाल्याचा आवाज. अव्वानं माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी तिनं न सांगता शेंगापोळी केली, माझ्या आवडीची, वर तुपाची धार सोडून. मी ती खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोतून गुलाल उडवत सगळ्या परत आल्या. जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. टेम्पो आमच्या दुकानावरूनच गेला. पुढं ड्रायव्हरजवळ सर बसले होते, केसांत गुलाल, मांडीवर ढाल. त्यांनी वर बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, कारण मी खाली वाकले होते.

आणि मग बाजाराचं मत एका रात्रीत फिरलं. गादीवर दुसऱ्या सकाळी बसू काका सांगत होते, की न मारता शिकवणं हीच खरी विद्या, मारतं तर काय कुणीही. अप्पा पोत्यात सळई खुपसत होते. पुढच्या हंगामात ते एकदा जेवताना म्हणाले, नंदाला जायचं असलं तर जाऊ दे मैदानावर. मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि शेवटपर्यंत मला काहीच विचारलं नाही. त्यांनी दिलेला शब्द त्यांनी पण पाळला.

परवा, म्हणजे गेल्या थंडीत, गवळी सरांचा सत्कार झाला. मला निरोप फोनवर आला तेव्हा मी आधी विचारलं की वर्गणी किती आहे. वर्गणी नव्हती. तरी मला काहीतरी असणार असं वाटतच राहिलं, आणि त्याच संशयात मी धाराशिवहून अर्ध्या तिकिटात कळंबला गेले. मंगल कार्यालय भरलं होतं. सर व्यासपीठावर शाल पांघरून बसले होते, वाळून अर्धे झालेले, पण नजर तशीच खाली, लोकांच्या पायांकडे. भाषणं झाली. मोठा प्रशिक्षक कुणाला म्हणावं, यावर जो तो बोलत होता. एकानं शिस्त म्हटलं, एकानं त्याग, एका पुढाऱ्यानं स्वतःचंच काहीतरी सांगितलं. मग आमच्या संघातल्या बायका एकेक करून वर गेल्या.

रुक्मी आता अंगानं चांगली भरलीय. ती माइक धरून म्हणाली, सरांनी मला खांबापाशी नेलं आणि सगळ्या पोरींच्या खोडी सांगितल्या, मला एकटीला, कुणाला बोलू नको म्हणाले. मला वाटलं, मीच यांची लाडकी. सभागृहात हशा झाला, कारण तिच्या मागं उभी असलेली शबाना जोरात म्हणाली, अगं, मला पण तेच सांगितलं होतं. तिसरी म्हणाली, मला पण. मग कळलं की नऊच्या नऊ जणींना त्यांनी नऊ जणींचं सांगितलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की संघ तिच्या एकटीच्या भरवशावर आहे, आणि म्हणून जी ती जीव तोडून पळत होती. सूत्रसंचालक म्हणाला, याला म्हणतात गुरू. टाळ्या पडल्या. मी सुद्धा वाजवल्या. 

जेवणाच्या वेळी सर खुर्चीवर बसले होते, एकेक जण पाया पडत होता. मी पाया पडले आणि नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नंदा. अडतवाल्यांची. तू ऐन वेळंला का गं आली न्हाईस उस्मानाबादला? मला वाटलं, लग्न ठरलं काय की."

मी तिथंच, त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसून त्यांना सगळं सांगितलं. अव्वाचं विचारणं, अप्पांचं उपरणं, ते बोट. लोक ताटं घेऊन आमच्या बाजूनं जात होते. सर ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "अगं, सांगून टाकायचं होतंस की घरी."

"तुम्हीच न्हाई म्हनाला होतात, सर."

"ते मी समद्यांनाच म्हनायचो. रुक्मीनं त्याच दिवशी आईला सांगितलं हुतं, शबानानं भावाला. पोरी सांगनारच, हे धरूनच चालायचो मी."  त्यांची नजर माझ्या पायांवरून वर आली, माझ्या तोंडाकडे. "पाळनारी येखादी निगंल, असं काय वाटलं न्हाई गं मला."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी माझा हात हातात घेतला होता. "असू द्या, सर" असं म्हणायची ती वेळ होती. मी म्हणाले नाही.